पलंगाखाली धान्याची गोळी ठेवणाऱ्यांसाठी

‘पेस्ट कंट्रोलवाल्यांचं गुपित’ नावाचा मेसेज मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली मलाच विचारलं, "काय रे, खरं का हे?" मी याच धंद्यातला. मेसेज म्हणतो: हे लोक साधं पाणी मारतात, लायसन्स-बियसन्स काही लागत नाही, आवाजाचं मशीन लावलं की झुरळं पळतात. आणि ढेकणांवर उपाय? धान्यात घालायच्या दोन गोळ्या पलंगाखाली ठेवा, दार लावून शेजारच्या खोलीत झोपा.

आधी ती गोळी. ती अॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. गोदामात आम्ही थप्पीवर ताडपत्री टाकतो, कडेने वाळूच्या पिशव्या दाबतो आणि कित्येक दिवस कुणाला फिरकू देत नाही. तुमच्या बेडरूमच्या दाराखालून बोट जातं! वायू शेजारच्या खोलीत जातो, वरच्या मजल्यावरही जातो. मळमळ, उलट्या सुरू झाल्या की लोक पित्त समजून ओवा चघळत बसतात. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला सावरून धरतात. म्हणूनच 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली ही गोळी निर्बंधित आहे: सरकार, सरकारी उपक्रम आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे पेस्ट कंट्रोलवाले, एवढ्यांनाच विकता येते. कोपऱ्यावरचा दुकानदार कागदात बांधून देतो, तो गुन्हा करतो.

लायसन्सचं उत्तरही याच कायद्यात आहे. लागतं. दारात आलेल्याकडे मागा.

‘पाणी मारतात’ हे, नाइलाजाने म्हणतो, अर्धं खरं आहे. स्वस्तात काम घेऊन औषध पातळ करणारे आमच्यात आहेत. बाटलीचं सील समोर फोडायला लावा, माप बघा. पण दहा दिवसांनी ढेकूण पुन्हा दिसले म्हणजे पाणीच मारलं असं नाही. फवाऱ्यातून वाचलेली अंडी फुटतात, म्हणून दुसरी फेरी लागते. ती ‘नको, गेले सगळे’ म्हणत रद्द कोण करतं?

आवाजाचं मशीन: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) 2001 मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांना पुरावा हवा म्हणून बजावलं होतं. पुढे.

कुणी गोळी आधीच ठेवली असेल तर ती उचलायला जाऊ नका, पाणी तर अजिबात ओतू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, वरच्या-शेजारच्यांना उठवा आणि अग्निशमन दलाला 101 लावा. कुणाला मळमळत असेल तर थेट हॉस्पिटल, आणि गोळीचं नाव डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.