खालून टाकलेला चेंडूही खांद्यावर येतो

फास्टपिच सॉफ्टबॉल या बेसबॉलसारख्या खेळात पिचर, म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूला चेंडू टाकणारी मुलगी, तो खांद्याखालून टाकते, ही हालचाल नैसर्गिक आहे, त्यामुळे लहान मुलींनी कितीही पिचिंग केले तरी इजा होत नाही आणि वेग हवा असल्यास मनगटाचा झटका घोटून घ्यावा, थोडे दुखले तरी टाकत राहावे, असा सल्ला पालकांमध्ये सध्या फिरतो आहे.

चालताना हात झुलतो, तो नैसर्गिक, हे मान्य. फास्टपिचच्या या फेकीत, म्हणजे विंडमिल फेकीत, मात्र हात निमिषार्धात पूर्ण वर्तुळ फिरतो आणि तो खाली येताना दंडाचे हाड खोबणीतून बाहेर ओढणारे बल शरीराच्या वजनाच्या जवळपास पोहोचल्याचे मोजमापांत आढळले आहे. हा ताण खांद्याचा सांधा धरून ठेवणारे रोटेटर कफचे स्नायू आणि दंडाचा बायसेप्स पेलतात. म्हणूनच पिचरचे दुखणे बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूला असते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा अजून कच्ची असते, ही आणखी एक अडचण.

‘कितीही’ या शब्दाला आधार नाही. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेने बेसबॉलमध्ये 2007 पासून फेकींची मोजणी लागू केली आणि 11-12 वर्षांच्या पिचरला दिवसाला 85 फेकींची मर्यादा आहे. सॉफ्टबॉलमध्ये मात्र अनेक ठिकाणी फेकी मोजल्याच जात नाहीत, आणि एकच मुलगी दिवसात दोन-तीन सामने टाकते.

मनगटाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. तळहात मागे वळवून चेंडू ढकलायचा, मनगट झटकायचे आणि कोपर कानापर्यंत उचलायचे, असे अनेक वर्षे शिकवले गेले. पण अव्वल पिचरची संथ गतीतील चित्रफीत पाहिली, तर हात मागे कंबरेच्या उंचीवर असताना तळहात वर असतो, कोपर किंचित वाकलेले असते, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात नितंबाला घासून जातो आणि चेंडू सुटताना हा हात आतल्या बाजूला फिरतो. मनगटाची हालचाल या फिरण्याच्या ओघात होते. वेग त्याआधीच, मागच्या पायाच्या रेट्यातून तयार झालेला असतो. लांब पाऊल टाकून पुढचा पाय घट्ट रोवला की शरीर थबकते आणि तो जोर हातात उतरतो. पुढचा गुडघा ढिला पडला आणि धड पुढे झुकले, तर उरलेले काम खांद्याला करावे लागते. सरावाची मिनिटे मनगटावर घालवणे मला म्हणूनच वाया घालवणे वाटते.

‘थोडे दुखले तरी टाकत राहा, खांदा तयार होतो’ हे त्या सल्ल्यातले शेवटचे वाक्य तर सरळ धोकादायक आहे. खांद्याच्या पुढे दुखू लागले की पिचिंग थांबवून डॉक्टरांना दाखवावे. त्या मुलीला शॉर्टस्टॉपवर, म्हणजे चेंडू अडवून फेकण्याच्या क्षेत्ररक्षणाच्या जागी, उभे करणे ही विश्रांती नव्हे, कारण तिथूनही चेंडू खांद्यानेच फेकावा लागतो.