इसब, पाकिटावरचे आकडे आणि २१ दिवसांचं पथ्य

मेसेज परत फिरतोय: ‘पाकिटावर आयएनएस आकडा दिसला की समजा विष. ते अंगातून बाहेर पडतं, तोच इसब. २१ दिवस पाकिटातलं, शिवाय दूध-अंडी बंद करा, मलम फेकून द्या.’

आधी आकडे. आयएनएस म्हणजे पाकिटातल्या खाण्यात घातलेल्या रंग, टिकवणारे पदार्थ अशा ॲडिटिव्हना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. आणि १०० म्हणजे कर्क्युमिन, ज्याच्यामुळे हळद पिवळी दिसते ते. मग फोडणीचं काय करायचं?

‘विष बाहेर पडतं’ हे तर साफ चूक. इसबात त्वचेचा वरचा थरच कच्चा असतो. अनेकांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो, हे २००६ पासून माहीत आहे. ओल टिकत नाही. साबण, घाम, लोकर बाहेरून बोचत राहतात.

‘पण सॉस खाल्ल्यावर लगेच चट्टे उठतात!’ उठतात की. खरा घोळ इथेच आहे. आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो त्या गांधी मिनिटांत-तासांत येतात आणि बहुधा दिवसभरात विरतात. टार्ट्राझिनचा पिवळा रंग किंवा खाणं टिकवायला घालतात ते सोडियम बेंझोएट काही जणांत हे करू शकतं. टोमॅटोचा आंबट रस तोंडाभोवती नुसता लागला तरी लाली येते. इसब निराळा: कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत, कोरडा, खाजवून कातडी जाड झालेली, आठवडेच्या आठवडे मुक्काम. ॲडिटिव्हमुळे तो उसळणारे रुग्ण आहेत, पण काय खायला दिलंय हे न सांगता चाचणी घेतली की मोजकेच उरतात.

‘२१ दिवसांत फरक पडला.’ पथ्य आपण खाज असह्य झाल्यावरच धरतो, आणि इसब चढतो तसा आपसूक उतरतोही.

दूध-अंड्यांचं मात्र गंभीर आहे. लहान मुलांत तीव्र इसबाबरोबर त्यांची खरी ॲलर्जी असू शकते, पण ती डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. मनानेच बंद केलेला पदार्थ काही महिन्यांनी पुन्हा दिल्यावर, आधी नसलेली तीव्र ॲलर्जी उमटल्याच्या नोंदी आहेत.

आणि मलम? माझ्या भाच्याचं फेकलं होतं. बाराव्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके, आणि सॉसची बाटली फ्रिजमध्ये तशीच सीलबंद.

एखाद्या रंगाच्या गोळीवर किंवा सॉसवर संशय असेल तर तेवढंच दोन-तीन आठवडे थांबवा, मलम चालू ठेवा, मग पुन्हा देऊन बघा. ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल तर घरी प्रयोग नको, थेट डॉक्टर.