पिल्लांवर कॅल्शियमचा मारा थांबवा

कोंबडीपालकांमध्ये सध्या एक सल्ला झपाट्याने पसरतो आहे. त्याचा सारांश असा: पिल्लू लंगडलं म्हणजे कॅल्शियम कमी पडलं. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या, कोंबड्यांचं खाद्य आणि शिंपल्याचा चुरा द्या. औषध मिसळलेलं तयार खाद्य म्हणजे अँटिबायोटिक, ते टाळा. हगवणीत रक्त दिसलं तर हळद-लसणाचं पाणी पुरे.

हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांना पिल्लं जगावीत असंच वाटत असणार. पण तो पाळला तर पिल्लं मरतात, म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

आधी खाद्य, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं आणि ते सर्वांत उशिरा दिसतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साधारण 3.5 ते 4 टक्के असतं. वाढत्या पिल्लाच्या खाद्यात ते 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. कोंबडीला एवढं लागतं, कारण एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम निघून जातं. पिल्लू अंडी घालत नाही. रक्तात उतरलेलं जादा कॅल्शियम बाहेर टाकण्याचं काम त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर येतं. ती हळूहळू खराब होतात, मूत्रवाहिनीत खडे अडकतात आणि युरिक आम्लाचे क्षार शरीरात साचू लागतात. असा पक्षी मेल्यावर उघडून पाहिला तर हृदयावर आणि यकृतावर खडूची पूड भुरभुरावी तसा पांढरा थर दिसतो.

‘आम्ही तेच खाद्य दिलं, काही झालं नाही’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी होईपर्यंत पक्षी धडधाकटच दिसतो, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पुढे तलंगा (अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या) अंड्यावर येतात, शरीरावरचा ताण वाढतो आणि मरतूक सुरू होते. तेव्हा कोणी उन्हाला दोष देतं, कोणी साथीला. काही महिन्यांपूर्वीचं खाद्य कोणाच्या डोक्यातही येत नाही.

बरं, ज्या हाडांसाठी हा खटाटोप, ती तरी मजबूत होतात का? नाही. हाडाला कॅल्शियमबरोबर फॉस्फरसचीही गरज असते, आणि दोन्ही कामी यायला जीवनसत्त्व डी-3 लागतं. वाढीच्या काळात कॅल्शियम आणि वापरता येणारा फॉस्फरस यांचं प्रमाण साधारण दोनास एक असावं लागतं. आतड्यात कॅल्शियम फार झालं की ते फॉस्फरसला बांधून ठेवतं आणि फॉस्फरस शोषलाच जात नाही. म्हणजे नुसतं कॅल्शियम वाढवत नेलं तर त्यातूनही मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, होऊ शकतो.

या सल्ल्यात खऱ्याचा एक अंश आहे, तो मान्य करतो. केवळ मक्यावर किंवा भरड्यावर वाढवलेल्या पिल्लांना कॅल्शियम खरंच कमी पडतं. मक्यात ते नावापुरतंच असतं, प्रथिनं 8-9 टक्के असतात आणि धान्यातला बराचसा फॉस्फरस पक्ष्याला पचतच नाही. पण यावर उपाय म्हणजे पिल्लांचं संतुलित खाद्य. अंड्यावरच्या खाद्यात पिल्लाला सुरुवातीला लागणारी 18 ते 20 टक्के प्रथिनंही सहसा नसतात.

आता लंगडण्याकडे येऊ. पाय लुळा पडला की कारण एकच, हे सल्ल्यातलं सर्वांत घातक गृहीतक आहे. पिल्लाकडे नीट पाहा. चोच रबरासारखी वाकत असेल आणि सांधे सुजलेले असतील तर मुडदुसाची शंका घ्या. पायाची बोटं आत वळलेली असतील आणि पिल्लू घोट्यांवर टेकून चालत असेल तर जीवनसत्त्व बी-2 ची कमतरता असू शकते. तिथे लवकर हालचाल केली तर पिल्लू सावरतं, उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहते. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी पडून राहत असेल तर मॅरेक्सचा विचार करावा लागतो. हा विषाणूजन्य रोग आहे, त्यावर उपचार नाही. लस एक दिवसाच्या पिल्लाला, उबवणी केंद्रातच द्यायची असते. या प्रत्येकाला शिंपल्याचा चुरा देत बसलात तर हातातला वेळ जातो. पिल्लू मेलंच तर ते थंड ठेवून, न गोठवता, लवकरात लवकर शवविच्छेदनासाठी न्या. बाकीचा कळप त्यातून वाचू शकतो.

औषधी खाद्य म्हणजे अँटिबायोटिक, हेही सरसकट खरं नाही. पिल्लांच्या खाद्यात अनेकदा अँप्रोलियम असतं. ते अँटिबायोटिक नाही. त्याची रचना जीवनसत्त्व बी-1 शी मिळतीजुळती असते आणि त्यामुळे कॉक्सिडिया या परजीवीची बी-1 मिळवण्याची वाट अडते. म्हणूनच अँप्रोलियमचा उपचार चालू असताना बी-1 असलेलं टॉनिक पाण्यातून दिलं तर औषधाचा जोर कमी होतो. ही चूक बरेच जण भल्या हेतूने करतात. कॉक्सिडियाची लस दिलेल्या पिल्लांना मात्र हे खाद्य देऊ नये. त्या लसीतले जिवंत परजीवी आतड्यात थोडे वाढले तरच प्रतिकारशक्ती तयार होते. पिशवीवरचं लेबल वाचा. काही खाद्यांत मोनेन्सिनसारखं औषध असतं आणि ते घोड्याच्या पोटात गेलं तर घोडा दगावू शकतो.

रक्ती हगवणीत हळद-लसणावर विसंबून राहू नका, ही माझी कळकळीची विनंती. हळदीवर प्रयोग झालेत आणि काहींत थोडा फायदाही दिसला आहे. पण विष्ठेत रक्त दिसतं तेव्हा बहुधा याच कॉक्सिडिया परजीवीने आतड्याचं अस्तर फाडलेलं असतं. तिथे तासांचा हिशेब असतो. आजारी पिल्लू खाणं सोडतं तरी पाणी पीत राहतं, म्हणून पशुवैद्याने सांगितलेलं औषध पाण्यातूनच द्यायचं. तेच पाणी उग्र करून ठेवलं आणि पिल्लांनी ते कमी प्यायलं तर औषधही कमी पोचतं.

सोबत गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा, पाहा. विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्ग करण्याजोगी होतात, आणि नेहमीची बरीच जंतुनाशकं त्यांना मारत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी उचला, भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आणा, गर्दी कमी करा.

पिल्लं आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकाच खुराड्यात असतील तर काय, हा प्रश्न खरा आहे. तिथे सगळ्यांना वाढीचं, औषध नसलेलं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. गरज असलेल्या कोंबड्या तो आपणहून खातात, पिल्लं सहसा त्याच्या फार नादी लागत नाहीत. तलंगांना अंड्यावरचं खाद्य पहिलं अंडं दिसल्यावर, साधारण 18 व्या आठवड्याच्या सुमारास सुरू करा.