ओळखता येत नाही तर हात कशाला लावतोस?

मागणी काय होती माझी? सिनेमाच्या फाइलला धड नाव द्यायचं, पुढे कंसात वर्ष, आणि ज्याच्या-त्याच्या फोल्डरात ठेवायचं. एवढंच. हे सगळं आपोआप करून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर लावलं आणि अख्ख्या संग्रहाचा विचका झाला.

'2012' नावाचा सिनेमा आहे, आला 2009 साली. पण या दीडशहाण्याला चार आकडे दिसले की ते वर्षच! म्हणजे 2012 झालं वर्ष, आणि नाव? नाव उरलंच नाही. मग साहेबांनी फोल्डरचं नाव उचललं. फोल्डर होता 'नवीन'. आता 'नवीन (2012)' असा सिनेमा शोधला आणि कुठलं तरी भलतंच पोस्टर चिकटवून मोकळा. 2019 च्या '1917' चीही तीच गत.

'अग्निपथ' दोन आहेत, 1990 चा आणि 2012 चा. फाइलींच्या नावात वर्ष नव्हतं, तर दोन्ही एकच समजून एकावर दुसरी लिहून टाकली. जुना गेला. विचारायचं तरी! मराठी सिनेमांचं तर बोलूच नका, रोमनमध्ये एक 'ए' जास्त पडला की ओळख विसरतो आणि जवळपासचं जे सापडेल ते ठोकून देतो.

आणि लॉग, म्हणजे याने काय-काय केलं त्याची नोंद, उघडावा तर काय? वरपासून खालपर्यंत 'सक्सेस', 'सक्सेस', 'सक्सेस'. कसलं डोंबलाचं सक्सेस!

सबटायटलचा घोळ वेगळाच. विंडोजवर फाइलच्या नावात कोलन चालत नाही, हे मान्य. पण या महाशयांनी व्हिडिओच्या नावातला कोलन नुसता काढला आणि सबटायटलच्या एसआरटी फाइलच्या नावात त्या जागी डॅश घातला. नावं जुळली नाहीत की प्लेयर सबटायटल उचलत नाही. फाइल शेजारीच पडलेली, आणि पडद्यावर एक अक्षर नाही.

हार्डलिंक ठेवा, म्हणजे त्याच फाइलला दुसऱ्या फोल्डरात दुसरं नाव, जागा खात नाही, असंही सांगतात. अरे, हार्डलिंक दोन वेगळ्या डिस्कवर होतच नाही! डाउनलोड एकीकडे, संग्रह दुसरीकडे. तिथे हा पठ्ठ्या गुपचूप पूर्ण कॉपी करत बसला. डिस्क भरली, कॉपी अर्ध्यावर तुटली, आणि त्या तुटक्या फाइलला मात्र नाव अगदी सुरेख, वर्षासकट.

यावर उपाय म्हणे फाइलच्या नावात आधीच वर्ष लिहा, सिनेमांच्या डेटाबेसमधला त्याचा आयडी क्रमांक घाला, मग चुकत नाही. वा! म्हणजे एकेक सिनेमा मी शोधायचा, नाव मी टाइप करायचं, वर्ष मी तपासायचं, आणि मग ते माझंच नाव हा मला परत देणार. मग तू काय करणार रे? नाही जुळलं तर फाइल आहे तिथे राहू दे आणि लॉगमध्ये 'जुळलं नाही' एवढं लिही. तेवढंही जमत नाही.

ऑटोमॅटिकची टिक काढून टाकलीये. आता जुन्या बॅकअपमध्ये 1990 चा 'अग्निपथ' सापडतोय का बघतोय.