‘दुधाचा सुळा आपोआप पडतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जबड्यातच अडकून बाहेर न येणाऱ्या कायमच्या सुळ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘दुधाचा दात वेळ आली की आपोआप पडतो. शंभरातल्या दोघांसाठी सगळ्या पालकांना घाबरवून एक्स-रे काढायला लावणं हा तुम्हा डेंटिस्ट लोकांचा धंदा आहे.’ मत पटलं नाही तर जरूर सांगा, पण थेट हेतूवर घसरायचं कारण नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटशीही मी या भाषेत बोलत नाही.

एक मान्य. ओपीजीत, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या मोठ्या एक्स-रेत, सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे, हे दर वेळी ठरवता येत नाही, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. त्यासाठी कोन बदलून दोन लहान एक्स-रे किंवा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, लागतो.

पण ‘आपोआप’? दुधाच्या सुळ्याचं मूळ झिजतं ते मागून येणाऱ्या कायमच्या सुळ्यामुळे. तोच टाळूकडे वळला तर मूळ झिजणार कसं? वरचा सुळा जबड्यात खूप उंचावर तयार होतो आणि अकराव्या-बाराव्या वर्षी बाहेर येतो. वाटेत शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाचा त्याला आधार लागतो. तो दात बारीक असला किंवा नसलाच, तर सुळा भरकटू शकतो. काही घराण्यांत हे पिढ्यान् पिढ्या दिसतं. टाळूकडे अडकलेल्या बहुतेकांच्या जबड्यात जागा पुरेशी असते, त्यामुळे ‘जागा आहे, येईल’ यावर विसंबता येत नाही. एरिक्सन आणि कुरोल या दंतसंशोधकांनी 1988 मध्ये दाखवलं की 10 ते 13 वर्षांच्या मुलांचा दुधाचा सुळा काढल्यावर टाळूकडे वळलेल्या सुळ्यांपैकी 78 टक्के योग्य वाटेवर आले. वाट बघत बसून नव्हे, दात काढून.

माझाच दुधाचा सुळा कॉलेज संपेपर्यंत जागचा हलला नव्हता. घरचे ‘पडेल गं’ म्हणत राहिले. एक्स-रे काढला तेव्हा कायमचा सुळा टाळूत आडवा होता आणि शेजारच्या दाताचं मूळ त्याने अर्धं खाल्लं होतं. एकदाही दुखलं नव्हतं. तेव्हा ‘आपोआप’ मला सांगू नका.

आणि सरसकट एक्स-रे काढा असं मी कुठे लिहिलंय? लेख नीट वाचा. तुमची मुलगी दहा वर्षांची आहे म्हणता. दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतून हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे टणक फुगवटा लागला तर ठीक. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर तिला दाखवून आणा, माझ्याकडे नको असेल तर दुसऱ्या कुणाकडेही.