ॲक्युपंक्चर करून ‘एमबीबीएससारखी प्रॅक्टिस’? तसं होत नाही

सोलापुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘नीटची कटकट नको. अमेरिकेत ॲक्युपंक्चरची मास्टर्स करा, परत येऊन एमबीबीएससारखा दवाखाना थाटा.’ निम्मं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

कोर्स खरा. ॲक्युपंक्चरची मास्टर्स साधारण 3 वर्षांची, चिनी वनौषधी धरून 4. पुढे त्या-त्या राज्याचा परवाना. कॅलिफोर्निया तर स्वतःची वेगळी परीक्षा घेतं. पण तो परवाना तिथलाच. त्यावर इथे ॲलोपॅथीची औषधं लिहून देता येत नाहीत. परदेशातून शिकून आलेल्यांची स्क्रीनिंग परीक्षा असते ती एमबीबीएसच्या तोडीच्या पदवीसाठी, ही पदवी त्यात बसत नाही.

फक्त सुयाच टोचायच्या असतील (त्यात कमीपणा कसला?) तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा वेगळा कायदा आहे. एजंटाला पैसे देण्याआधी तो वाचा.