‘ओके सर’ म्हणजे नेमकं काय ओके?

लघुउद्योजकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो चौघांकडून आला, त्यातल्या दोघांनी वर ‘अगदी खरं!’ असं लिहून पाठवला. मेसेज लांबलचक आहे, पण त्याचा गाभा एवढाच: ‘दहा-बारा माणसांच्या टीमला ट्रेलो, आसना, जिरा वगैरे प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सॉफ्टवेअर लागत नाहीत, ती मोठ्या कंपन्यांची थेरं. आपले सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेतच. याद्यांना एक्सेल आहे. मुंबईचे डबेवाले कुठलं सॉफ्टवेअर वापरतात? शिवाय ही सगळी सॉफ्टवेअर इथूनतिथून सारखीच. आधी फुकट देतात, सवय लागली की खिसा कापतात. आणि आपली माणसं ती भरतही नाहीत.’

आम्ही पुण्यात सात जण मिळून मांडणी आणि छपाईची कामं करतो. दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, असली. तीन वर्षांपूर्वी हाच मेसेज मीही पुढे ढकलला असता. त्यातला खिसा कापण्याचा मुद्दा बराचसा खरा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बाकीच्यांचं मात्र एकेक करून बघावं लागेल.

पहिला मुद्दा व्हॉट्सअ‍ॅपचा. एका दिवाळी अंकाच्या मलपृष्ठावरची जाहिरात आमच्याकडे होती. जाहिरातदाराला तीन नमुने पाठवले. तेवढ्यात आमच्यापैकीच कुणीतरी त्याच ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकला. खाली जाहिरातदाराचं उत्तर आलं, ‘ओके सर’, आणि एक अंगठा. आम्ही समजलो तिसरा नमुना पसंत. त्याच्या मनात होता दुसरा. तिसऱ्यावर दुकानाचा जुना फोन नंबर राहिला होता. प्लेटी निघाल्या, मलपृष्ठं छापून झाली, आणि मग आम्ही सगळे दोन रात्री बसून नव्या नंबराचे स्टिकर चिकटवत होतो. तीन हजार प्रती होत्या.

यात व्हॉट्सअ‍ॅपचा काय दोष? काहीच नाही. ते बोलायचं साधन आहे आणि बोलणं जसं झालं तसं त्याने नोंदवून ठेवलं. पण बोलणं वेळेच्या ओघात पुढे सरकत जातं आणि काम मागे तिथेच उभं असतं. दुपारी तीन वाजता एखादं काम कोणाकडे आहे, कधीपर्यंत द्यायचं आहे आणि कुठवर आलंय, हे तीन प्रश्न कुणी विचारले की ग्रुपवर वर वर सरकवत जाणं आलं. मेसेज तारांकित करून ठेवा म्हणावं, तर तो तारा फक्त आपल्याला दिसतो, टीमला नाही. मेसेजवर बोट सरकवून नेमकं त्यालाच उत्तर देता येतं, हे मलाही माहीत आहे. पण ते गिऱ्हाइकाने करायला हवं ना! नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेतलं, की आधीची सगळी चर्चा त्याच्यापुढे आपोआप येत नाही. कुणीतरी फोनमधली जागा रिकामी करताना जुने फोटो उडवतो आणि सहा महिन्यांनी तोच फोटो उघडायला गेलं, तर तो पुन्हा पाठवायला सांगा अशी सूचना दिसते. छपाईवाल्यांची आणखी एक डोकेदुखी म्हणजे फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सअ‍ॅप दाबून बारीक करतं. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं असतं, हे लेखकांना समजावण्यात माझी अर्धी गणपतीनंतरची धावपळ जाते.

ट्रेलोसारख्या ठिकाणी त्या जाहिरातीचं एक कार्ड असतं. तिन्ही नमुने त्या कार्डालाच चिकटलेले, ‘दुसरा घ्या, नंबर बदला’ हे त्याच्याच खाली. मुखपृष्ठाचा फोटो मध्ये घुसायचा प्रश्नच येत नाही, कारण मुखपृष्ठाचं कार्ड वेगळं. एवढाच फरक आहे, आणि आमच्यासाठी तो तीन हजार स्टिकरांएवढा होता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आम्ही बंद केला नाही. ‘कागदाचा टेम्पो आला, कुणीतरी खाली जा’ हे सांगायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

एक्सेलची मात्र मी टिंगल करणार नाही. पंधरा-वीस कामं, ठरलेले रकाने, भरणारे दोघं-तिघं, एवढ्यावर गूगल शीट झकास चालतं. आणि दोघंच असाल, एकाच खोलीत बसत असाल, तर भिंतीवरचा पांढरा फळाही पुरतो. त्यापुढे गेलं की अडतं ते असं: एका चौकटीत एकच गोष्ट मावते आणि कामाबद्दलच्या बोलण्याला तिथे जागा नसते. मग ते बोलणं पुन्हा ग्रुपवर जातं आणि शीटमध्ये राहते नुसती ‘चालू आहे’ ही नोंद, कधीकधी काम संपून महिना उलटला तरी. शिवाय एक्सेलला स्वतःची मतं असतात. पानं ‘३-४’ असं लिहायला इंग्रजी आकडे टाकले, की तो ती ३ एप्रिल करून टाकतो. हसू नका, मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला याच खोडीपायी २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलावी लागली. शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले, तिथे आमच्या अनुक्रमणिकेची काय कथा.

आता डबेवाले. हा मुद्दा मेसेजमध्ये ठसठशीत अक्षरांत आहे आणि लोकांना तोच सगळ्यात जास्त आवडतो. पण डब्याच्या झाकणाकडे कुणी नीट पाहिलंय का? त्यावर रंगाने खुणा, अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात: डबा कुठल्या भागातून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, पुढे कुठली इमारत, कितवा मजला. म्हणजे त्या डब्याविषयी जे कळायला हवं ते सगळं डब्याबरोबरच प्रवास करतं. अंधेरीचा माणूस चर्चगेटच्या माणसाला फोन करून ‘तो निळा डबा कुणाचा रे?’ असं विचारत नाही, झाकण वाचतो. कार्डाची कल्पना नेमकी हीच आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी सुट्या भागांबरोबर कार्डं फिरवायची पद्धत बसवली, तिला ‘कानबान’ म्हणतात, आणि त्या जपानी शब्दाचा साधा अर्थ आहे पाटी. आजच्या सॉफ्टवेअरमधले कार्डांचे फळे त्याच पद्धतीचे वारस. तेव्हा डबेवाल्यांचं उदाहरण द्यायचंच असेल, तर ते माझ्या बाजूने साक्ष देतं. डबेवाले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आजचे डबे’ असा मेसेज टाकून चालवत असते, तर गिरगावचं जेवण घाटकोपरला पोचलं असतं. आणि डबा रोज त्याच घरून त्याच टेबलावर जातो. आमच्याकडे दर महिन्याला घर नवं, टेबल नवं, आणि भाजी काय ते शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नाही.

‘सगळी सॉफ्टवेअर सारखीच’ हे वाक्य लिहिणाऱ्याने बहुधा एकही महिनाभर वापरलेलं नसावं. ट्रेलो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक कंपनीतून निघालं, आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅटलासियनने ते साडेबेचाळीस कोटी डॉलरना विकत घेतलं. त्याची सगळी मदार उभ्या याद्या आणि त्यांतून सरकणाऱ्या कार्डांवर. ज्यांचं काम टप्प्याटप्प्याने पुढे जातं, म्हणजे लेख आला, टाइप झाला, पहिलं वाचन, मांडणी, दुसरं वाचन, प्रेस, त्यांच्या ते हाताला लगेच बसतं. पण हे काम संपल्याशिवाय ते सुरू होऊ नये, अमुक दिवस उशीर झाला तर पुढच्या सगळ्या तारखा ढकलाव्यात, असलं काही त्याच्याकडून मागू नये.

आसनाचा पिंड यादीचा आहे. फेसबुकच्या संस्थापकांपैकी डस्टिन मोस्कोविट्झ आणि त्यांचे सहकारी जस्टिन रोझेनस्टाइन यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं. कामाखाली उपकामं, प्रत्येकाला एक माणूस आणि एक तारीख. लग्नाचं किंवा संमेलनाचं आयोजन करणाऱ्यांना ते मी सुचवीन, कारण तिथे टप्पे कमी आणि बारीकसारीक कामं शेकड्यांनी असतात. जिरा त्याहून जुना, २००२ चा, अ‍ॅटलासियनचंच पहिलं अपत्य. फोडणीतल्या जिऱ्याशी त्याचा संबंध नाही. गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, त्याची शेपटी तेवढी ठेवली. तो जन्मला सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायला आणि प्रोग्रॅमरांच्या टीमला तो खरोखर उपयोगी पडतो. दहा जणांपर्यंत फुकटही आहे. पण आम्ही तो महिनाभर वापरून पाहिला तेव्हा एक जाहिरात नोंदवायला इतके रकाने पुढे आले की आमच्या डिझायनरने विचारलं, ‘दादा, यात आधार नंबरही टाकायचा का?’

बेसकॅम्पची गोष्ट निराळी. २००४ पासूनचं हे सॉफ्टवेअर ३७ सिग्नल्स या लहान कंपनीने आधी स्वतःच्याच गरजेसाठी बनवलं. त्यात रकाने कमी, लिहिणं-बोलणं जास्त, आणि माणसं कितीही असोत ठरावीक रक्कम घेणारी योजनाही आहे. तीस जणांच्या संस्थेला ती परवडते, सात जणांना अंगावर येते. मंडे नावाच्या सॉफ्टवेअरच्या पैशाच्या योजनेत जागा गठ्ठ्याने मिळतात आणि सुरुवात तिघांपासून. दोघंच असाल तर तिसऱ्या खुर्चीचे पैसे हवेत जातात. चेन्नईच्या झोहोचं प्रोजेक्ट्स हे दिसायला जरा कोरडं, पण त्यात तारखांचे आडवे पट्टे आहेत, कुणी किती तास घातले त्याची नोंद आहे, बिल रुपयांत येतं आणि डेटा भारतातल्या सर्व्हरवर राहतो. सरकारी संस्थांची कामं घेणाऱ्यांना शेवटच्या दोन गोष्टींचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

सारखी आहेत का ही? स्वयंपाकघरातली सगळी भांडी सारखी, असं म्हणण्यापैकीच हे आहे.

आता खिशाचं. इथे मेसेज लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. आसना पूर्वी पंधरा जणांपर्यंत फुकट होतं, मग नव्या खात्यांना दहाच जणांची मर्यादा आली. ट्रेलोच्या फुकट खात्यावरही २०२४ मध्ये दहा जणांची मर्यादा आली. वुंडरलिस्ट नावाचं कामांच्या यादीचं छान बर्लिनी सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद करून टाकलं. माझ्या काही याद्या तेव्हा तिथेच होत्या. म्हणून फुकट आहे म्हणून कुठेही शिरू नये, हे बरोबर. पण त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपच बरं हे कसं निघतं?

हिशेब मांडून बघू. ट्रेलोची पहिली पैशाची योजना वर्षाचे एकदम भरले तर माणशी महिना पाच डॉलरची. सात जणांचे पस्तीस डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण तीन हजार रुपये. वर बँकेची परकी चलनाची आकारणी. आणि जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेवरचा अठरा टक्के कर आपणच भरायचा असतो, तो पुढे वळता करून घेता येतो, पण सीएला आधी सांगून ठेवा. कार्डातून आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक केले, त्यामुळे परदेशी कंपन्यांचे हप्ते मध्येच अडकतात. आमचं खातं असंच एकदा, ऐन ऑक्टोबरमध्ये, फुकटच्या पातळीवर घसरलं होतं. तेव्हापासून आम्ही वर्षाचे एकदम भरतो. मलपृष्ठाच्या त्या एका चुकीत स्टिकर, रिक्षा आणि रात्रीचे वडापाव धरून गेलेले पैसे याहून फार कमी नव्हते, आणि जाहिरातदार गेला तो गेलाच.

घेण्याआधी मी आता एकच गोष्ट तपासतो: बाहेर पडायचा दरवाजा. ट्रेलोच्या फुकट खात्यातून फळा जेसन फाइलमध्ये, म्हणजे माहितीच्या साध्या मजकुरी फाइलमध्ये, उतरवता येतो, पण जोडलेल्या फाइली त्यात येत नाहीत, त्यांचे दुवे तेवढे येतात. म्हणून अंतिम पीडीएफ आणि मूळ चित्रं आमच्याच ड्राइव्हवर, कार्डावर फक्त दुवा. उद्या ट्रेलो बंद झालं तर आमचं बोलणं जाईल, काम जाणार नाही.

राहता राहिला ‘आपली माणसं भरत नाहीत’ हा मुद्दा. नाहीच भरत. पहिले दोन महिने आमच्याकडेही कुणी भरलं नाही, आणि त्याचं कारण मी होतो. मी फोन करून ‘झालं का?’ विचारायचो, ते फोनवर ‘झालं’ सांगायचे, मग तेच कार्डावर पुन्हा कोण लिहील? एकाच कामाची दोनदा वर्दी कुणीही देणार नाही. तिसऱ्या महिन्यापासून मी फोनवर विचारणं सोडलं. फळ्यावर जे दिसेल तेच झालं, बाकी झालंच नाही, असं जाहीर करून टाकलं. पहिल्या आठवड्यात दोन कामं अडकली आणि मला चांगल्याच शिव्या बसल्या.

मला धास्ती होती ती आमच्या मुद्रितशोधक काकांची. साठी उलटलेली, फोनवर एका बोटाने टाइप करणारे. त्यांना समजवायला बसलो तर म्हणाले, ‘अरे, शिकवू नकोस मला. कुठून कुठे ढकलायचं तेवढं दाखव.’ दाखवलं. संध्याकाळी फळा उघडून पाहिला, तर एकही कार्ड हललेलं नव्हतं. काकांनी फक्त माझ्या एका यादीचं नाव दुरुस्त केलं होतं: ‘प्रुफरिडींग’ खोडून ‘मुद्रितशोधन’. आणि पहिल्या कार्डाखाली त्यांची पहिलीवहिली नोंद होती, ‘प्रू दीर्घ, री दीर्घ, डि ऱ्हस्व. तरीही मराठी शब्द असताना हा कशाला?’